कोपऱ्यातले तुकडे

मी मुळात संशयी बाई आहे. नवीन फरशी बसली की नाणं घेऊन ती ठोकत फिरते आणि आवाज पोकळ आला की मिस्त्रीला तिथेच उभं करते. स्लॅब भरायच्या दिवशी सळ्यांमध्ये स्वतः उतरते. घरात कलिंगड येतं ते माझ्या टिचक्या खाऊनच. नवरा म्हणतो, तू देवळात गेलीस तर मूर्तीलाही ओळंबा लावून बघशील. मी ते कौतुक समजते, कारण या स्वभावावरच इंदिरानगरातलं माझं छोटंसं आर्किटेक्टचं ऑफिस इतकी वर्षं चाललं आहे.

गेल्या काही वर्षांत मात्र लोक फोनवर भलतीच चित्रं घेऊन यायला लागले. वळत गेलेल्या भिंती, लाटा उठलेली छपरं. असलं काही आलं की माझा असिस्टंट ते संगणकावर करून द्यायचा. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला जिन्याच्या पायऱ्यांचा हिशोब जमत नव्हता, तो मी शिकवला. आता लोक माझ्या टेबलासमोर बसून मान वळवून त्याच्याशी बोलायचे. एकदा एका गृहस्थांनी त्याला विचारलं, "मॅडमना दाखवावं लागेल का हे?" तो सहज म्हणाला, "सहीपुरतं." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला ते फार लागलं. त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगून टाकलं की मी ही विद्या शिकणार. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत एक तरी वस्तू माझ्या पडद्यावरून माझ्या हातात आली नाही, तर ऑफिसची किल्ली त्या मुलाला देऊन मी घरी बसणार. नवरा म्हणाला, बस की, एवढं काय. त्याला मी गंमत करतेय असं वाटलं.

संगणकावर आकार करून तो मशीनने कापायला शिकवणारा वर्ग अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा, शनिवार-रविवार. शिकवणारी मुलगी माझ्या असिस्टंटपेक्षाही लहान होती. मूळची कळवणजवळच्या एका गावची, आर्किटेक्ट झालेली, मग परदेशात जाऊन हेच शिकून आलेली. मला पहिला संशय तिचाच आला. एवढं शिकलेली मुलगी पुणं-मुंबई सोडून अंबडच्या शेडमध्ये काय करतेय? मी तिला तसं तोंडावर विचारलं. ती हसून म्हणाली, "मला मशीन स्वतःचं हवं होतं, मॅडम. तिकडे नुसतं बघायला मिळायचं." माझा विश्वास बसला नाही, पण उत्तर आवडलं.

वर्गात बाकी आर्किटेक्चरची काही मुलं होती आणि एक काका. ओझरच्या विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात कायम पेन आणि मोजायचं कॅलिपर. त्यांचं यंत्रांवर जिवापाड प्रेम होतं. "मशीन कधी खोटं बोलत नाही, मॅडम," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं.

सुरुवातीला पडद्यावर शिकायचं होतं. तिथे रेघ ओढायचीच नसते. छोटे छोटे डबे मांडायचे, ते तारांनी एकमेकांना जोडायचे, एखाद्या डब्यात आकडा टाकायचा, आणि रेघ आपोआप उमटते. आकड्याचा स्लायडर सरकवला की अख्खं छप्पर कूस बदलतं. मुलांना त्याची भारी मजा वाटायची. मला धडकी भरायची. मी कागदावर रेघ ओढते तेव्हा ती कुठून निघाली आणि कुठे थांबली हे मला माहीत असतं. ही रेघ कोणी ओढली? मी म्हणावं तर माझा हात लागलेला नाही. मी प्रत्येक डब्यापाशी त्या मुलीला थांबवायची आणि विचारायची, आत काय चाललंय ते दाखव. ती बिचारी दाखवायची. काही डब्यांच्या आत काय चालतं हे तिलाही ठाऊक नव्हतं, आणि तिने ते कबूल केलं. तेव्हापासून ती मला जरा बरी वाटू लागली.

आणखी एका गोष्टीवर माझा राग होता. ही शाळा म्हणायची प्रयोगशील वास्तुकलेची. आम्ही शेवटी जे करणार होतो ते घर नव्हतं, दुकान नव्हतं, कशाचंही छप्पर नव्हतं. प्लायच्या पट्ट्या एकमेकींवर तिरप्या टाकून, वाकवून केलेली एक जाळीची कमान. ती शेडच्या दारापुढे उभी राहणार. मी विचारलं, कशासाठी? तर उभी राहते का ते बघण्यासाठी. जे कशासाठीच नाही ते बरोबर झालं की चुकलं हे ठरवणार कोण, असा वाद मी घातला. ती म्हणाली, "सांधे ठरवतील." प्रत्येकाने आपापल्या पट्ट्या काढायच्या, आणि त्या दुसऱ्याच्या पट्ट्यांत बसल्या पाहिजेत. एकाच्या जरी बसल्या नाहीत तरी कमान उभी राहणार नाही. हे मात्र मला पटलं. एवढं साधं बोलली असती तर मी वाद घातलाच नसता.

कापण्याचं काम दसऱ्यानंतर सुरू होणार होतं. त्याआधी खंडेनवमीला आम्हा सगळ्यांना पूजेला बोलावलं. शिकवणाऱ्या मुलीची आई गुडघ्याच्या उपचारासाठी गावाहून येऊन तिच्याकडे राहत होती. सगळा पुढाकार त्या बाईंचा. मशीनच्या चौकटीला झेंडूच्या माळा, समोर समई. मशीन म्हणजे पलंगाहून मोठी लोखंडी चौकट, तिच्यावर एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा, जाड पाट. त्या पाटाला सगळे बेड म्हणायचे. बेडवर प्लायची शीट आवळायची आणि वरून कटर फिरत जातो. आईंनी त्या बेडच्या कोपऱ्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर लाल कापड पसरलं, कलश मांडला आणि चौकटीच्या लोखंडावर नारळ फोडला. पोरीचं मशीन म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही प्रसाद खाल्ला. दसऱ्याला मशीन चालवायचं नाही म्हणून सगळं तसंच ठेवून शेड बंद केली.

त्यानंतरच्या शनिवारी कापायला लागलो. पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोघींनाही अर्ध्या जाडीची खाच पाडायची, म्हणजे एक दुसरीत बसून वरचा पृष्ठभाग सपाट होतो. सुतार जुन्या चौकटींना करतात तसंच, फक्त इथे खाच मशीन पाडतं. फाइल द्यायला मी नेहमी शेवटची. मुलं भराभर देऊन चहाला जायची, मी प्रत्येक आकडा दोनदा तपासायची. साहजिकच माझे तुकडे शीटच्या उरलेल्या जागेत, कडेच्या कोपऱ्यात बसायचे.

कापून झाल्यावर सगळ्यांनी खाचा जुळवल्या. काकांची पट्टी मुलांच्या पट्टीत अशी बसली की बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता. माझी बसली ती खाली गेली. खाच जास्त खोल. सांध्यापाशी सरळ नख अडकायचं, आणि पट्टी हलवली की खुळखुळायची. मी काकांचं कॅलिपर मागून घेतलं. दीडेक मिलिमीटर जास्त कापलं होतं.

"मॉडेलमध्ये प्लायची जाडी नीट टाकली होती का, मॅडम?" मुलीने विचारलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पट्टीकडे बघत होती.

"माझंच काहीतरी चुकलं असेल," मी म्हणाले.

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं झटकन आलं की मलाच कळलं नाही. काका म्हणाले, "मशीनला सांगाल तेच करतं ते. चूक कायम माणसाची." मुलं माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसली. म्हाताऱ्या माणसाने चुकीचं बटण दाबलं की तरुण लोक हसतात तसं.

आठवडाभर मी ती फाइल उलटीपालटी केली. ऑफिसातली कामं असिस्टंटवर सोडली, दार लावून घेतलं आणि प्रत्येक डबा, प्रत्येक तार तपासली. चूक सापडेना. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं, सापडत नव्हती म्हणून जास्त भीती वाटत होती. मला वाटलं, चूक इथेच आहे पण आता ती दिसण्याचीच माझी ताकद गेली आहे. असिस्टंटने एकदा दार उघडून विचारलं, "मी बघू का?" मी नको म्हणाले. त्याने बघितलं असतं आणि त्याला ती सापडली असती, तर किल्ली मी त्याच दिवशी देऊन टाकली असती.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तीच फाइल, तोच कोपरा, तीच खोल खाच. मुलगी पुन्हा म्हणाली, "एकदा परत बघता का?" आवाज मऊ होता. आई तिथेच स्टुलावर बसल्या होत्या. त्या घरी एकट्या बसायला कंटाळायच्या म्हणून रोज डबा घेऊन शेडमध्ये यायच्या. आल्या की बेडच्या कोपऱ्यावरच्या स्वस्तिकाला हात लावून तो कपाळाला लावायच्या, मग लेकीला जेवायला बसवायच्या. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "व्हईल हो, बाई. या वयात एवढं करता, लय झालं." मला रडू यायचं बाकी होतं.

रविवारी मी हरल्यासारखं केलं. फाइलमध्ये मुद्दाम खोटा आकडा टाकला. खाच खोल येतेय ना, मग तेवढीच कमी सांगायची. हे करताना मला स्वतःची लाज वाटली. माझ्या साइटवर मिस्त्रीने असं केलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. त्या दिवशी काका त्यांच्या नातीच्या वाढदिवसाला गेले होते, त्यांची जागा मोकळी होती, म्हणून माझे तुकडे शीटच्या मधोमध बसले. कापून बाहेर आले तेव्हा खाच उथळ निघाली. नेमकी तेवढीच उथळ, जेवढा खोटेपणा मी केला होता.

मी पट्टी हातात धरून उभी राहिले. मधोमध कापलं तर मशीनने अगदी मी सांगितलं तेवढंच कापलं होतं. म्हणजे फाइल पहिल्यापासून बरोबर होती. मला आतून असं काही बरं वाटलं की काय सांगू. दसऱ्यापासून पहिल्यांदाच मला माझ्यासारखं वाटलं, आणि लगेच माझा सगळा संशय परत आला, दुप्पट होऊन.

मी मुलीला म्हटलं, माझी आधीची खरी फाइल घे आणि तोच तुकडा दोनदा काप. एक मध्ये, एक कोपऱ्यात. ती म्हणाली, "आज शीट संपलीय, मॅडम, पुढच्या वेळी बघू." शीट भिंतीला टेकून उभी होती. मी बोट दाखवलं. ती शीट घेऊन आली. दोन तुकडे निघाले. मधला चोख, कोपऱ्यातला खोल.

मग मी गाडीतून माझी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आणली, जी मी साइटवर गिलावा तपासायला नेते. ती बेडवर आडवी ठेवली आणि मागून मोबाइलचा उजेड धरला. कोपऱ्याजवळ पट्टी बेडला टेकली होती आणि मधोमध तिच्या खालून उजेड येत होता. एमडीएफला पाणी लागलं की ते भाकरीसारखं फुगतं, हे स्वयंपाकघराचं एखादं काम केलेला कुणीही सांगेल. नारळाचं आणि कलशाचं पाणी कापडाखाली गेलं होतं आणि बंद शेडमध्ये तिथेच मुरलं होतं. बेड फुगला, त्याच्यावरची शीट वर आली, कटर मात्र आपल्या ठरलेल्या उंचीनेच गेला. फुगलेल्या जागेवर बरोब्बर मध्ये ते लाल स्वस्तिक होतं.

मी जे बोलते ते तोंडावर बोलते. आई समोर बसलेल्या आहेत याचा मी विचार केला नाही असं नाही. केला, आणि तरी बोलले. "नारळाच्या पाण्याने बेड फुगलाय. माझी फाइल बरोबर होती."

आई स्टुलावरून उठल्या. गुडघ्यामुळे त्यांना वेळ लागला. "तुम्हाला जमत नाय म्हणून देवाच्या माथी मारता का?" त्या म्हणाल्या. "माह्या हातचं कुंकू हाये ते. पोरीचं भलं व्हावं म्हणून लावलंय. एवढी लोकं कापून गेली, कोनाचं नाय बिघडलं. तुमचंच कसं बिघडतं?"

यावर मी पुष्कळ काही बोलू शकले असते. पण माझं लक्ष मुलीकडे होतं. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा त्या पट्टीखालच्या उजेडाकडे. मला त्या क्षणी कमान नको होती, शिकणं नको होतं. तिने एवढंच म्हणावं की या बाईचं चुकलेलं नाही, इतकंच मला हवं होतं. ती म्हणाली नसती तर मी तशीच उठून घरी गेले असते आणि पुन्हा कधी पडद्यासमोर बसले नसते.

"आई, बरोबर हाय त्यांचं," ती म्हणाली. आईशी बोलताना तिची भाषा गावची व्हायची. "मला तवाच कळलं होतं. कापड काढलं त्याच दिवशी."

आईंनी डब्याची पिशवी उचलली आणि त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. मुलीने बेडवरचे स्क्रू काढले, मोठा कटर लावला आणि मशीन सुरू केलं. बेड सपाट करायचा हाच उपाय असतो, वरचा पापुद्रा पूर्ण सोलून काढायचा. तिला तो पहिल्या दिवसापासून माहीत होता. कटर कोपऱ्यावरून गेला तेव्हा भुसा थोडा वेळ लाल निघाला, मग पुन्हा पिवळट. मी पायरीकडे बघितलं. आईंनी आत पाहिलं नाही. कोणीतरी त्यांना चहा नेऊन दिला, तो त्यांनी बाजूला ठेवून दिला. मला वाईट वाटलं, पण मी बोलले ते परत घ्यावं असं वाटलं नाही.

माझी खरी फाइल पुन्हा त्याच कोपऱ्यात कापली. मीच तसं सांगितलं. पट्टी निघाली, मी ती एका मुलाच्या पट्टीत दाबली, ती टक् करून बसली. मी सांध्यावरून बोट फिरवलं, मग नख फिरवलं, मग डोळे मिटून पुन्हा बोट फिरवलं. काही लागलं नाही. माझ्या पडद्यावरची वस्तू माझ्या हातात होती. मला इतका आनंद झाला की मी त्या मुलाची पट्टी त्याला परतच देईना.

मुलं निघून गेल्यावर मी मुलीला गाठलं. ती झाडू घेऊन भुसा गोळा करत होती. मी विचारलं, कळलं होतं तर सांगितलं का नाहीस?

"आई दिवाळीनंतर जाणार होती. ती गेल्यावर बेड सोलणारच होते. ती रोज हात लावते तिथे, मॅडम, तिच्यासमोर कसं पुसणार?"

"मग मला बाजूला घेऊन सांगायचं. मी तुझ्या आईला सांगायला गेले नसते."

ती झाडत राहिली.

"काकांचे तुकडे त्या कोपऱ्यात आले असते तर?"

ती झाडू थांबवून खरंच विचार करायला लागली. खोटं बोलावं असं तिला वाटलं नसावं. "तर सांगावं लागलं असतं," ती म्हणाली. "त्यांनी पहिल्याच दिवशी मशीन खोलायला लावलं असतं. तुम्ही म्हणालात, माझंच चुकलं असेल. मग मला वाटलं, चालेल."

मी तिच्यावर ओरडायला हवं होतं. आयुष्यभर फरश्या ठोकत फिरलेली बाई मी, आणि वर्गात सगळ्यात सहज गप्प बसेल असा माणूस तिने कोण निवडला, तर मला. आणि तिचा अंदाज अगदी बरोबर होता. मी पट्टी पिशवीत टाकली आणि निघाले. पायरीवरून उतरताना आईंनी पाय जवळ घेऊन मला वाट दिली, पण वर बघितलं नाही.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी असिस्टंटला सांगितलं की गेल्या वर्षभरात मी ज्या ज्या वळणदार गोष्टींवर सह्या केल्या त्या सगळ्या फाइली उघड. तो म्हणाला, त्या तर झाल्या, मॅडम, बांधकामही सुरू झालं. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. पहिल्याच छपराच्या पहिल्या डब्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे मला कळलेलं नाही, सांग. त्याला वाटलं, मी त्याच्यावर संशय घेतेय. मी घेतच होते. त्याने दोनदा सांगितलं, तरी मला कळलं नाही, आणि मी तिसऱ्यांदा विचारलं.